समेवर पडणारा पाय

सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॅफेत किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हल्ली एकटाच पोरगा गिटार घेऊन उभा राहतो आणि ऐकणाऱ्याला तिघा-चौघांचं वादन ऐकू येतं. ही किमया त्याच्या पायाशी असलेल्या लूप पेडलची. चार मात्रा वाजवायच्या, खटका दाबायचा, की तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो आणि त्यावर दुसरा सूर चढवता येतो. सांगली-मिरजेकडची मुलं हे पेडल घ्यायला निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मिनिटं रेकॉर्ड होतं? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी बघावं, हे यंत्र सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कशी पकडतं.

साधं गणित करू. लय मिनिटाला १०० मात्रांची धरली, तर एक मात्रा ०.६ सेकंदाची आणि भजनी ठेक्याचं आठ मात्रांचं आवर्तन ४.८ सेकंदांचं. लूप बंद करताना पाय ३० मिलिसेकंद उशिरा पडला, तर आवर्तन ४.८३ सेकंदांचं होतं. एकटेच वाजवत असाल तर दर समेला एक बारीकशी ठेच जाणवेल, एवढंच. पण शेजारी ड्रम मशीन चालू असेल तर दहाव्या आवर्तनाला अर्ध्या मात्रेचा फरक पडतो आणि विसाव्याला अख्ख्या मात्रेचा. म्हणजे जेमतेम दीड मिनिटात सगळा डोलारा कोसळतो. माणूस तबलजी असेल तर तो ऐकून सावरून घेतो. ड्रम मशीन कुणासाठी थांबत नाही, आणि लूपही थांबत नाही.

म्हणून खटक्याची रचना महत्त्वाची. टीसी इलेक्ट्रॉनिक कंपनीच्या डिट्टो पेडलवर एकच खटका आणि एकच नॉब. एकदा दाबलं की रेकॉर्ड, पुन्हा दाबलं की वादन सुरू, तिसऱ्यांदा दाबलं की त्यावर नवा थर, आणि थांबवायचं तर लागोपाठ दोनदा दाबायचं. शिकायला हे सोपं आहे, पण थांबण्याचा क्षण दुसऱ्या दाबाला येतो, पहिल्याला नाही. तिहाई (तीनदा वाजवलेला तोच तुकडा) घेऊन समेवर कडक थांबायचं असेल तर हे आधी घोटून घ्यावं लागतं. बॉस कंपनीच्या आरसी-१ ला थांबवण्यासाठी वेगळा बाहेरचा खटका जोडता येतो. शिवाय त्यावर २४ दिव्यांचं कडं आहे. लूप कुठवर आला ते त्यावर फिरताना दिसतं, त्यामुळे सम येण्याआधी पाय तयार ठेवता येतो. नवशिक्याला मी हेच पेडल सुचवतो.

तानपुऱ्याचा लूप करताना आणखी एक गोष्ट समोर येते. मिरजेच्या तानपुऱ्याची जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीवरची घडण) चांगली लागलेली असली की शेवटच्या खर्जाच्या तारेचा नाद कितीतरी वेळ टिकतो. लूप तिथेच बंद केला तर तो नाद मधूनच तुटतो आणि दर फेरीला एक पोकळी ऐकू येते. त्यावर उपाय आहे: लूप बंद होताक्षणी यंत्र वादनात न जाता थर चढवण्याच्या अवस्थेत जायला हवं. म्हणजे शेपटीचा नाद पुढच्या फेरीच्या सुरुवातीवर आपोआप रेकॉर्ड होतो आणि सांधा दिसेनासा होतो. बॉस आरसी-५ मध्ये हा क्रम निवडता येतो. मूळ डिट्टो रेकॉर्डनंतर थेट वादनात जातं.

आत नेमकं काय चालतं? आवाज सेकंदाला साधारण ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत साठवला जातो. नवा थर म्हणजे जुन्या आकड्यांत नवे आकडे मिळवणं. दुधात विरघळलेली साखर जशी वेगळी काढता येत नाही, तसा मिळवलेला थर परत वेगळा होत नाही. म्हणून बहुतेक छोट्या पेडलांत शेवटचाच थर रद्द करता येतो, कारण त्याआधीची एक प्रत यंत्र जपून ठेवतं. गिटार, आवाज आणि ताल वेगवेगळे थांबवायचे असतील तर वेगळे ट्रॅक असलेलं यंत्र लागतं. आरसी-५०० मध्ये असे दोन आहेत, आरसी-५०५ मध्ये पाच. थर वाढले की खरखरही वाढते. दोन थरांची खरखर एका थरापेक्षा सुमारे ३ डेसिबलने जास्त, चार थरांची ६ ने. तेव्हा पहिला थर स्वच्छ घ्या.

मिनिटांचं म्हणाल, तर आज स्मृती स्वस्त आहे. डिट्टोत ५ मिनिटं मावतात, आरसी-१ मध्ये १२, आरसी-५ मध्ये एकूण १३ तास. पूर्वी मात्र हीच खरी अडचण होती. १९६० आणि ७० च्या दशकांत टेरी रायली, रॉबर्ट फ्रिप, ब्रायन ईनो या पाश्चात्त्य संगीतकारांनी दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकाची टेप दुसऱ्यात ओवली. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल आणि दोन यंत्रांत एक मीटर अंतर असेल, तर सूर सव्वापाच सेकंदांनी परत येतो. लूपची लांबी तेव्हा फूटपट्टीने मोजता यायची! १९९९ मध्ये आलेल्या लाइन ६ कंपनीच्या डीएल-४ पेडलमध्येही फक्त १४ सेकंदांचा लूप होता. बारा मात्रांच्या विलंबित एकतालात मिनिटाला १५ मात्रा धरल्या तर एकच आवर्तन ४८ सेकंदांचं. ख्यालगायकाला ते पेडल तेव्हा काय उपयोगाचं?

गायकाने आणखी एक पाहावं. गिटारच्या पेडलला माइक थेट लावून चालत नाही, कारण माइकचा सिग्नल फार क्षीण असतो. एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) जोडणी आणि क्षीण सिग्नल वाढवणारा प्री-अॅम्प असलेलं यंत्रच घ्यावं. स्टेजवर स्पीकरचं तोंड माइककडे असेल तर वाजणारा लूप पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि नव्या थरात रेकॉर्ड होतो. सात मीटरवरून तो साधारण २० मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि चार थरांनंतर नुसता गढूळपणा उरतो. व्हायोलिन, बासरीवाल्यांनी म्हणून शक्यतो वाद्याला चिकटून त्याचाच आवाज टिपणारा पिकअप वापरावा किंवा हेडफोन लावावा.

आपल्याकडची बैठक हा तर वेगळाच प्रश्न. मांडी घालून गाणाऱ्याला पायाचा खटका निरुपयोगी. त्याला आरसी-५०५ सारखं टेबलावर ठेवून हाताने चालवायचं यंत्र सोयीचं. सतारवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले आणि पाय दुमडलेले. त्याच्यासाठी खटका शेजारी बसलेल्या साथीदाराने दाबावा, आणि त्या साथीदाराचा ताल पक्का हवा.

दुकानात गेलात तर मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं अॅप) लावा, कानात एकच इअरफोन घाला. आठ मात्रांचा लूप बंद करा आणि दोन मिनिटं काही न वाजवता दोन्ही सोबत ऐका. मग सात मात्रांचा रूपक करून बघा. लूप आपोआप पूर्ण करून देणारी काही यंत्रं चारच्या पटीत गोळाबेरीज करतात आणि रूपकाला हमखास एक मात्रा जोडतात. ती सोय बंद करता येते का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.