बॉक्सटरचं पाणी नेमकं कुठून गळतं?

पोर्शची बॉक्सटर 1996 साली आली. तिचं इंजिन सीटच्या पाठीमागे आहे, पण रेडिएटर गाडीच्या नाकाशी. पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना, चाकांच्या पुढ्यात, एकेक रेडिएटर बसवलेला आहे आणि जास्त ताकदीच्या बॉक्सटर एसमध्ये मधोमध तिसरा. तापलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रसायनमिश्रित पाणी, गाडीच्या पोटाखालच्या लांब पाइपांतून पुढे जातं, थंड होऊन परत मागे येतं. या सगळ्या पसाऱ्यात पंधरा लिटरहून जास्त कूलंट मावतं. त्यामुळे लहानशी गळती बरेच दिवस ध्यानातच येत नाही.

जमिनीवर ओल दिसली की ती कुठे आहे, हे आधी पाहायचं. एसी चालवल्यानंतर पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी निर्धोक असतं. कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं, त्याला गोडसर वास येतो. चव मात्र चुकूनही घ्यायची नाही. त्यातलं इथिलीन ग्लायकोल मूत्रपिंडं निकामी करतं आणि गोडीमुळे कुत्री ते चाटतात, म्हणून सांडलेलं लगेच पुसून घ्यावं. मागच्या डिकीतला गालिचा ओला असेल तर संशय तिथल्या कूलंटच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर, कारण ती तडकते. ओल इंजिनाखाली असेल तर पंप आणि होज (रबरी नळ्या) तपासायचे. पुढच्या चाकापाशी असेल तर रेडिएटर.

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर (एसीतला तापलेला वायू थंड करणारी जाळी) आहे आणि दोघांमध्ये अरुंद फट. बंपरच्या तोंडातून हवेबरोबर आत आलेली वाळकी पानं या फटीत अडकतात, पावसात भिजतात आणि कुजतात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच धातूला राखतो. पण पानांचा लगदा ओल धरून ठेवतो. युरोपात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते त्यात मुरतं. मिठातलं क्लोराइड ऑक्साइडचा थर जागोजागी फोडतं, धातूला खड्डे पडतात आणि अखेरीस नळीला आरपार भोक. बाहेरून बंपर लखलखीत दिसत असतो!

नेमकी जागा शोधण्यासाठी इंजिन पूर्ण थंड असताना टाकीच्या तोंडाला हातपंप आणि मापक जोडतात. झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरायची आणि पंधरा-वीस मिनिटं काट्यावर लक्ष ठेवायचं. काटा उतरला की टॉर्च घेऊन सुकलेल्या कूलंटचे पांढरट किंवा रंगीत डाग शोधायचे. थेंब कुठे पडतो यापेक्षा डागाचं वरचं टोक महत्त्वाचं, कारण कूलंट बरंच ओघळून मग खाली पडतं. काही गळत्या फक्त तापल्यावर उघडतात. रेडिएटरची ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची बाजूची टाकी उष्णतेने सारख्या फुगत नाहीत, त्यामुळे त्यांच्या जोडावरचं रबरी सील सैल पडतं. उलट जुनं, कडक झालेलं रबर फक्त थंडीत गळू शकतं. काटा उतरतोय पण ओल कुठेच नाही, अशा वेळी इंजिनातला जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतो का हे तपासावं. त्यासाठीचं निळं द्रावण कार्बन डायऑक्साइड मिळाला की पिवळं पडतं.

गरम गाडीचं झाकण का उघडायचं नाही, याचा हिशेब सोपा आहे. प्रेशर कुकरसारखंच इथेही दाबामुळे पाणी 100 अंशांना उकळत नाही. वातावरणापेक्षा एक बार जादा दाबाखाली साधं पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत द्रव राहतं. झाकण काढताच दाब उतरतो आणि जादा उष्णतेने दर लिटरमागे साधारण 35 ग्रॅम पाण्याची क्षणात वाफ होते. तेवढी वाफ जवळपास 60 लिटर जागा मागते आणि उकळतं पाणी घेऊन थेट तोंडावर येते.

आता दुरुस्ती. पितळ-तांब्याच्या जुन्या रेडिएटरला डाख देता यायचा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडमुळे साधा डाख धरत नाही आणि प्लॅस्टिकच्या टाकीचा तर प्रश्नच नाही. गळती बुजवणारी पूड टाकू नये असं माझं ठाम मत आहे. भोक बुजवणारी पूड रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यासुद्धा बुजवते. कुजलेला रेडिएटर बदलावाच. बंपर उतरवलाच आहे तर दुसऱ्या बाजूची पानंही काढावीत, कारण तिथेही तीच ओल तितकीच वर्षं बसलेली असते.

नवं कूलंट रंग पाहून निवडू नये. रंग कंपनी ठरवते, आतली गंजरोधक रसायनं वेगळी असू शकतात. ते पातळ करायला डिस्टिल्ड पाणी वापरावं. बोअरच्या जड पाण्याचे क्षार नळ्यांत बसतात. लांब पाइपांत हवा अडकते, म्हणून टाकीजवळची हवा सोडणारी झडप उघडून सावकाश भरावं किंवा निर्वात पंपाने आधी हवा खेचून मग भरावं. बंपर परत चढवण्याआधी दाबाची तपासणी पुन्हा करायची आणि पहिल्या फेरीनंतर गाडी पूर्ण निवली की पातळी पाहून कमी पडलेलं भरायचं.