पार्श्वभूमी : बिल्ड आणि व्हर्जन कंट्रोल यांची सांगड

लातूरच्या डाळ मिलमधलं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर घ्या, जालन्याच्या स्टील कारखान्यातला उत्पादनाचा हिशेब घ्या, नाही तर वाळूजच्या एखाद्या युनिटमधली पार्ट तपासायची प्रणाली घ्या. गिऱ्हाइकाचा फोन आला की ते लिहिणाऱ्या संभाजीनगरच्या छोट्या टीमपुढे पहिला प्रश्न तोच असतो: तिथे बसवलेली एक्झी, म्हणजे चालणारी प्रोग्राम फाइल, नेमकी कुठल्या कोडमधून बनली? फोल्डरच्या नावात तारीख घालून त्याचं खात्रीचं उत्तर मिळत नाही. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो, म्हणून नोंद कशी बदलत आली ते शोधता येतं. तसा क्रमांक प्रोग्रामच्या पोटात हवा, आणि तो हाताने न लिहिता बिल्डनेच, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवण्याच्या प्रक्रियेनेच, घालायला हवा. ही गरज नवी नाही.

१९७२ साली बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस हे व्हर्जन कंट्रोल, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, लिहिलं. फाइलच्या सगळ्या आवृत्त्या 'एस.'ने सुरू होणाऱ्या एकाच फाइलीत राहायच्या. कोडमध्ये ठरावीक खुणा लिहून ठेवल्या की फाइल बाहेर काढताना त्यांच्या जागी आवृत्तीचा क्रमांक यायचा आणि त्याच्याआधी @(#) ही चार चिन्हं. तो मजकूर कंपाइल होऊन, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर होताना, बायनरीत (तयार प्रोग्राम फाइलीत) उतरायचा. मग 'व्हॉट' नावाची कमांड बायनरी चाळून ही चार चिन्हं शोधायची आणि पुढचा मजकूर दाखवायची. म्हणजे तयार प्रोग्रामला 'तू कुठून आलास' हे विचारायची सोय पन्नास वर्षांपूर्वीच झाली होती.

त्यानंतर त्याच संस्थेत, १९७६ साली, स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक हे बिल्ड करणारं साधन लिहिलं. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ एका बगमागे गेली होती. बग खरं तर दुरुस्त झाला होता, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. मेकने यावर साधा तोडगा काढला: सोर्स फाइलची (मूळ कोडची) वेळ तिच्यापासून बनलेल्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा नवी असेल, तर पुन्हा कंपाइल कर. पुढे मेकला एससीसीएसचीही ओळख करून दिली गेली. सोर्स फाइल जागेवर नसेल तर 'एस.' फाइलीतून ती आपणच काढायची आणि मग कंपाइल करायची. १९८०च्या दशकात वॉल्टर टिकी यांचं आरसीएस हे तसंच दुसरं साधन आलं, त्याचेही नियम जीएनयू मेकमध्ये, म्हणजे लिनक्सवर मिळणाऱ्या मेकमध्ये, बसले. हे दोन्ही नियम अजून तिथेच आहेत. लिनक्सवर मेकला 'पी' हा पर्याय देऊन आतले नियम छापून घ्या, एससीसीएस आणि आरसीएस ही नावं डोळ्यांसमोर येतील. आपल्याकडच्या कॉलेजांतल्या मुलांनी हे एकदा करून पाहावंच.

सीव्हीएस या पुढच्या व्हर्जन कंट्रोलने अनेकांना एकत्र काम करू दिलं, पण त्यात प्रत्येक फाइलचा क्रमांक वेगळा. त्यामुळे संपूर्ण बिल्डला एक ओळख द्यायची तर टॅग, म्हणजे नावाची खूण, लावणं भाग होतं, आणि टॅग लावायला माणसं विसरतात. २००४ साली सबव्हर्जन १.० आलं आणि अख्ख्या रिपॉझिटरीला, म्हणजे सगळ्या कोडच्या साठ्याला, एकच क्रमांक मिळाला. 'एसव्हीएन-व्हर्जन' ही कमांड तो क्रमांक द्यायची. कोडमध्ये कमिट न केलेले, म्हणजे इतिहासात न नोंदवलेले, बदल असतील तर त्यापुढे 'एम' अक्षर लावायची. माझ्या मते हे एक अक्षर त्या काळातली सगळ्यात मोलाची सोय होती, कारण गिऱ्हाइकाकडे गेलेली एक्झी अर्धवट कोडची आहे का, हे त्यावरून कळायचं.

एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट हे व्हर्जन कंट्रोल सुरू केलं. इतिहास आपल्याच मशिनवर असल्यामुळे लाइन जाऊन नेट बंद पडलं तरी कमिट होतो. त्या वर्षांचं लोडशेडिंग पाहिलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. बिल्डच्या दृष्टीने मात्र गिटच्या दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, फाइल बदलल्याची मूळ वेळ गिट जपत नाही. चेकआउट करताना, म्हणजे एखादी आवृत्ती बाहेर काढताना, जी फाइल बदलते तिला त्या क्षणाची वेळ मिळते. हे मुद्दाम केलेलं आहे. जुन्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या फांदीवर) गेल्यावर फाइलला जुनी वेळ मिळाली असती, तर मेकला ती बदललेलीच दिसली नसती आणि जॉन्सन यांची ती सकाळ आपल्या वाट्याला आली असती. दुसरी, 'गिट डिस्क्राइब' ही कमांड जवळचा टॅग, त्यानंतरच्या कमिटची संख्या आणि हॅशचा (कमिटच्या ओळखखुणेचा) तुकडा जोडून एक नाव देते. कमिट न केलेले बदल असतील तर 'डर्टी' हा शब्दही जोडून घेता येतो.

तोवर नात्याची दिशा उलटली होती. आधी बिल्ड व्हर्जन कंट्रोलला बोलवायचं. २००१ मधलं क्रूझकंट्रोल हे आपोआप बिल्ड करणारं साधन रिपॉझिटरीत काही बदललं का हे थोड्या थोड्या वेळाने पाहायचं आणि बिल्ड सुरू करायचं. पुढे तसंच हडसन आलं, २०११ मध्ये त्यातून जेनकिन्स झालं. आता तर पुश झाला, म्हणजे नवे कमिट रिपॉझिटरीत पाठवले, की रिपॉझिटरीच बिल्डला हाक मारते, आणि बिल्डची कृतीसुद्धा कोडशेजारीच ठेवलेली असते. यात एक खोच आहे. गिटहब ॲक्शन्स या गिटहबवरच्या बिल्डसेवेचा नेहमीचा चेकआउट फक्त शेवटचा एक कमिट आणतो. टॅगच आलेले नसतात, मग डिस्क्राइबला नाव सापडत नाही. पूर्ण इतिहास मागितला की काम होतं.

मार्च २०२२ मध्ये आलेल्या गो भाषेच्या १.१८ आवृत्तीपासून तिची बिल्डची कमांडच कमिटचा हॅश बायनरीत घालू लागली. पुढच्याच महिन्यात गिटने सुरक्षेसाठी दुसऱ्या युजरच्या मालकीच्या फोल्डरमध्ये काम करायचं नाकारलं. त्यामुळे कंटेनरमधले, म्हणजे प्रोग्रामसाठी बनवलेल्या वेगळ्या बंदिस्त वातावरणातले, कित्येक गो बिल्ड अडले, आणि कोडमध्ये कुणी काहीच बदललं नव्हतं.

नव्याने सांगड घालणाऱ्याने गिटच्या स्वतःच्या सोर्समधली आवृत्ती ठरवणारी छोटी स्क्रिप्ट वाचावी. तिचा क्रम असा आहे: रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात) आवृत्तीची फाइल असेल तर ती, नसेल तर डिस्क्राइबचं उत्तर, तेही नसेल तर आत लिहून ठेवलेला आकडा. गिऱ्हाइकाकडे झिप पाठवताना तिच्यात गिटचं फोल्डर नसतं, म्हणून ती पहिली फाइल झिप बनवतानाच तयार करून आत ठेवायची.