विमान केव्हाच उडाले, अडले ते तेलापाशी

भारतातून परदेशी जाणाऱ्या विमानांच्या इंधनात २०२७ पासून एक टक्का ‘सॅफ’ मिसळावे, २०२८ मध्ये दोन टक्के आणि २०३० मध्ये पाच टक्के, अशी उद्दिष्टे केंद्र सरकारने ठरवली आहेत. सॅफ म्हणजे सस्टेनेबल एव्हिएशन फ्युएल, अर्थात जमिनीतल्या खनिज तेलाऐवजी वनस्पती, टाकाऊ चरबी किंवा अल्कोहोलपासून बनवलेले विमान इंधन. २०२७ हे साल सहज निवडलेले नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (इकाओ) २०१६ मध्ये मंजूर केलेल्या ‘कोर्सिया’ योजनेचा सक्तीचा टप्पा त्याच वर्षी सुरू होतो आणि भारत त्यात आहे. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचा कार्बन ठरलेल्या पातळीपेक्षा जास्त झाला की विमान कंपन्यांना एकतर भरपाईची प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतील, नाहीतर असे इंधन वापरावे लागेल.

‘पहिले जैवइंधनावरचे उड्डाण’ अशा बातम्या गेली १५-२० वर्षे येत आहेत. प्रत्येक बातमीत पाण्याचे फवारे, टाळ्या आणि धावपट्टीवर मंत्री. तरी २०२४ मध्ये जगात तयार झालेले सॅफ होते सुमारे १० लाख टन, म्हणजे एकूण विमान इंधनाच्या जेमतेम ०.३ टक्के. असे का, हे समजायला विमानांपेक्षा कच्च्या मालाचा इतिहास पाहावा लागतो.

जेट विमानाचे इंधन म्हणजे मुळात शुद्ध केलेले रॉकेल. एक किलोत सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा, कडाक्याच्या थंडीत गोठत नाही, पेट्रोलसारखे चटकन पेटत नाही. आजच्या चांगल्या बॅटरीत किलोमागे पाव किलोवॉट-तासाच्या आसपास ऊर्जा बसते. शिवाय इंधन जळत जाते तसे विमान हलके होते. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे वजन उतरेपर्यंत वाहावेच लागते. म्हणून युरोपीय नियामकाने २०२० मध्ये प्रमाणित केलेले पहिले विजेवरचे विमान, पिपिस्ट्रेलचे ‘वेलिस इलेक्ट्रो’, दोन आसनांचे आहे आणि तासाभराच्या आतच उतरते. हायड्रोजनचा प्रयोगही नवा नाही. सोव्हिएत संघाचे तुपोलेव्ह टीयू-१५५ एप्रिल १९८८ मध्ये एका इंजिनात द्रव हायड्रोजन जाळत उडाले होते. एअरबसने २०२० मध्ये २०३५ चा वायदा करून हायड्रोजन विमानांची देखणी चित्रे प्रसिद्ध केली. २०२५ मध्ये तो वायदा पुढे ढकलला गेला. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी येती काही दशके तरी रॉकेलच, मग ते कुठूनही येवो.

‘कुठूनही’ या शोधाचे पहिले उत्तर पर्यावरणाच्या काळजीतून आलेच नव्हते. तेल नसलेल्या जर्मनीत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२० च्या दशकात कोळशाच्या वायूपासून द्रव इंधन बनवण्याची रीत शोधली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने तिचा वापर केला. पुढे वर्णभेदी राजवटीमुळे तेलाच्या बहिष्काराला तोंड देणाऱ्या दक्षिण आफ्रिकेत ‘सासोल’ कंपनीने तीच रीत मोठ्या प्रमाणावर राबवली. १९९९ पासून जोहान्सबर्गच्या विमानतळावर प्रवासी विमानांत निम्म्यापर्यंत कोळशापासून बनलेले इंधन भरले जाऊ लागले. कार्बनच्या हिशेबात हा मार्ग खनिज तेलाहून वाईट. पण कृत्रिम इंधन विमानात चालते, हे इथे रोजच्या वापरात सिद्ध झाले.

निम्म्याची मर्यादाही तेव्हापासूनची. खनिज रॉकेलमध्ये अॅरोमॅटिक नावाची संयुगे असतात. ती धूर वाढवतात, पण जुन्या इंधनवाहिन्यांच्या जोडांवरचे रबरी सील त्यांच्यामुळेच फुगलेले आणि घट्ट राहतात. कृत्रिम इंधनात ती जवळजवळ नसतात. सील आक्रसले तर गळती. म्हणून २००९ मध्ये अमेरिकेतल्या एएसटीएम संस्थेने कृत्रिम विमान इंधनासाठी डी-७५६६ हे मानक काढले तेव्हाही ५० टक्क्यांची वेस कायम ठेवली. वनस्पतीतेल आणि चरबीपासूनच्या इंधनाला २०११ मध्ये त्यात जागा मिळाली, इथेनॉलपासूनच्या इंधनाला २०१८ मध्ये. व्हर्जिन अटलांटिकने नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडन ते न्यूयॉर्क विमान पूर्णपणे सॅफवर नेले खरे, पण त्यासाठी विशेष परवाना लागला आणि वनस्पतीजन्य अॅरोमॅटिक मुद्दाम मिसळावे लागले.

आता जैविक तेलाकडे. २००८ च्या जुलैत कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेले आणि विमान कंपन्या हादरल्या. त्याआधीच, फेब्रुवारीत, व्हर्जिनच्या ७४७ ने एका इंजिनात नारळ आणि बाबासू या पामवर्गीय झाडाच्या तेलाचे मिश्रण घालून लंडन-अॅमस्टरडॅम उड्डाण केले होते. डिसेंबरात एअर न्यूझीलंडने ऑकलंडहून चाचणी केली ती जट्रोफाच्या तेलावर. त्या बिया आग्नेय आफ्रिकेतून आल्या होत्या आणि भारतातूनही.

जट्रोफा म्हणजे आपल्याकडचा मोगली एरंड. गावोगाव कुंपणाला लावतात, कारण विषारी असल्याने जनावरे त्याला तोंड लावत नाहीत. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने या झुडपावर मोठी भिस्त ठेवली. पडीक जमिनीवर लागवड करायची आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळायचे, असा बेत होता. छत्तीसगडमध्ये ‘डिझेल नहीं अब खाड़ी से, डिझेल मिलेगा बाड़ी से’ ही घोषणा गाजली. महाराष्ट्रातही रोपे वाटली गेली. पाणी लागत नाही, खत लागत नाही, निगा लागत नाही, असे सांगितले गेले. झुडूप तगते हे खरेच होते, पण तगणे वेगळे आणि बिया धरणे वेगळे. पाण्याविना उत्पन्न फारच कमी येते, फळे एकदम पिकत नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा हाताने तोडावी लागतात, पेंड विषारी म्हणून गुरांना चालत नाही. शिवाय पीक म्हणून या झाडाची निवड-सुधारणा कोणी केलेलीच नव्हती. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २० टक्क्यांचे लक्ष्य २०१७ वर नेले. तेही हुकले. प्रयोगशाळेला दोष द्यायला इथे जागा नाही. शेतीचा प्रश्न फाइलवर सोडवायला गेले की असे होते.

प्रयोगशाळेचे काम तर चोख होते. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने (आयआयपी) वनस्पतीतेलापासून विमान इंधन बनवण्याची स्वतःची प्रक्रिया विकसित केली. २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचे बम्बार्डियर क्यू-४०० विमान २५ टक्के जैवइंधन घेऊन डेहराडूनहून दिल्लीला गेले. तेल छत्तीसगडच्या जट्रोफाचेच होते. त्याच डिसेंबरात हवाई दलाच्या एएन-३२ ने चंदीगडला चाचणी घेतली, पुढच्या प्रजासत्ताक दिनी संचलनात भाग घेतला आणि जानेवारी २०२० मध्ये लेहच्या विरळ हवेतून उड्डाण केले. सगळी यशस्वी. पण एका विमानापुरते बी गोळा करणे आणि रोज शेकडो विमानांना पुरवणे यात जमीन-अस्मानाचा फरक.

इथे गोष्ट पुण्याकडे वळते. पुण्याच्या ‘प्राज इंडस्ट्रीज’चा धंदा मुळात इथेनॉलचे प्रकल्प उभारण्याचा. त्यांनी झुडपाऐवजी अल्कोहोलची वाट धरली. इथेनॉलमधले पाणी काढून इथिलीन वायू करायचा, त्याचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करायच्या, हायड्रोजन देऊन स्थिर करायच्या आणि त्यातला रॉकेलच्या जातीचा भाग वेगळा काढायचा. १९ मे २०२३ रोजी एअरएशिया इंडियाचे प्रवासी विमान प्राजचे देशी सॅफ थोड्या प्रमाणात मिसळून पुण्याहून दिल्लीला गेले. इंडियन ऑइल यात भागीदार होती.

गणित मात्र बघावे. एक किलो इथेनॉलमधले पाणी वजा केले की फार तर ६१० ग्रॅम इथिलीन उरते. हा रसायनशास्त्राचाच हिशेब आहे, त्यात कारखान्याची हुशारी चालत नाही. देशाच्या एकूण विमान इंधनात एक टक्का सॅफ मिसळायचे तर वर्षाला सुमारे १४ कोटी लिटर लागेल, असे पेट्रोलियममंत्र्यांनी त्या वेळी सांगितले होते. म्हणजे किमान २२ कोटी लिटर इथेनॉल. देशाची इथेनॉलनिर्मिती पाहता हा आकडा मोठा नाही, पण त्या इथेनॉलचे पहिले गिऱ्हाईक पेट्रोल आहे. आणि पावसाची लहर आहेच. २०२३ चा मोसम कोरडा गेला, साखर कमी पडेल म्हणून डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. कारखान्यांनी कर्ज काढून उभारलेली यंत्रे थांबली. असा कच्चा माल असलेल्या इंधनावर विमान कंपनीने लांब मुदतीचा करार कसा करायचा?

म्हणून सध्या सोपा मार्ग पुढे आहे: वापरलेले तळणाचे तेल. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला २०२५ मध्ये त्यापासून सॅफ बनवण्याचे कोर्सिया-मान्य प्रमाणपत्र मिळाले. क्षमता वर्षाला सुमारे ३५,००० टन सांगितली गेली. तंत्र जुनेच आहे, अडचण गोळा करण्याची. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून तळणाच्या तेलावर मर्यादा घातल्या, गोळा करण्याची योजनाही आणली. तरी मोठ्या हॉटेलातले जळके तेल स्वस्तात छोट्या गाड्यांवर जाते आणि तिथे पुन्हा भजी तळली जातात. त्या गाडीवाल्याला परवडेल असा भाव रिफायनरीला द्यावा लागेल. सॅफ आजच साध्या इंधनाच्या दोन ते पाच पट महाग आहे.

युरोपची अट आणखी कडक. तिथल्या विमानतळांवर २०२५ पासून दोन टक्के सॅफ बंधनकारक आहे, २०३० ला सहा, २०५० ला ७०. आणि त्यात अन्नपिकांपासूनचे इंधन धरतच नाहीत. उसाचा रस गेला, मका गेला. उरतो तो पिकांचा टाकाऊ भाग. पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, तंत्र पुन्हा प्राजचेच. महाराष्ट्रात पेंढ्याऐवजी बगॅस, म्हणजे उसाचा चोथा आहे, भरपूर आहे. पण बहुतेक साखर कारखाने ते आज बॉयलरमध्ये जाळून स्वतःची वाफ करतात आणि त्याच वाफेवरची, को-जनची, वीज विकतात. ते विमानासाठी हवे असेल तर त्या विजेच्या उत्पन्नाहून जास्त भाव मिळायला हवा. तो कोण देणार, विमान कंपनी, प्रवासी की सरकार, हे २०२७ च्या उद्दिष्टांत लिहिलेले नाही.