'ओके' म्हणजे फक्त 'ऐकलं'

परवा औशाच्या एका कॉलेजात गेलो होतो. सर्व्हरच्या कपाटाला कुणीतरी लिंबू-मिरची बांधलेली. महिनाभर तिथलं नेट रडत होतं. पिंग, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारा छोटा संदेश, जायचं, पण परीक्षेचे फॉर्म अपलोड होता होत नव्हते. मला वाईट वाटलं, कारण दुखणं कुठं आहे ते स्विच, म्हणजे सगळ्या नेटच्या वायरी एकत्र जोडणारा डबा, रोज सांगत होता आणि कुणी वाचतच नव्हतं.

आता एकेका स्विचवर जाऊन कमांड मारायचे दिवस गेले. नेटकॉन्फ या 2006 पासूनच्या मानकामुळं एकच प्रोग्राम शेकडो स्विचना सेटिंग पाठवतो. सेटिंगचा साचा यांग भाषेत लिहिलेला असतो. आकड्याच्या जागी अक्षरं टाकली तर स्विच तिथंच नाकारतो. साच्यात बसलं तर 'ओके' म्हणतो. पुष्कळांना वाटतं, झालं काम. पण ओके म्हणजे फक्त 'ऐकलं'. मोटारीचा स्टार्टर ऑटोवर टाकला म्हणून विहिरीचं पाणी वर येत नाही, लाइट यावी लागते. तसंच साच्यात 'एनेबल्ड' हे आपण सांगितलेलं, तर 'ऑपर-स्टेटस' हे खरोखर घडलेलं. सांगितलेलं आणि घडलेलं यांची खाती वेगळी ठेवायची, हे 2018 च्या मानकात स्पष्टच लिहिलंय.

औशात दोन्ही ठीक होतं. एनेबल्ड होय, स्टेटस अप. मग त्याच साच्यातला 'इन-एरर्स', म्हणजे आत येताना खराब निघालेल्या पुडक्यांचा आकडा, दहा मिनिटांच्या अंतरानं दोनदा वाचला. वाढलेला होता!

हा माझा सगळ्यात आवडता दोष. स्विचच्या पोर्टला कुणीतरी '100 एमबीपीएस, फुल डुप्लेक्स' (एकाच वेळी बोलणं-ऐकणं) असं पक्कं बांधून टाकलेलं, आणि पलीकडचा जुना राउटर ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी बोलून स्वतःच ठरवणारा. ऑटोवाला वेग सिग्नलवरून ओळखतो. पण समोरचा एकाच वेळी बोलतो-ऐकतो की पाळीपाळीनं, हे सिग्नलवरून कळत नाही. अशा वेळी हाफ डुप्लेक्स, म्हणजे पाळीपाळीनं, धरायचं, असा इथरनेटच्या (या वायरजोडणीच्या) मानकाचाच नियम आहे. मग स्विच मनाला येईल तेव्हा पाठवतो. राउटर स्वतः पाठवत असताना समोरून काही आलं की त्याला टक्कर वाटते आणि तो आपली फ्रेम, म्हणजे पाठवायचं पुडकं, मध्येच तोडतो. पहिल्या 64 बाइटच्या आत टक्कर झाली तर पुन्हा पाठवतो, उशिरा झाली तर फ्रेम गेलीच. ते तुटके तुकडे स्विचला मिळतात, तपासणीची बेरीज जुळत नाही आणि इन-एरर्स वाढतो. पिंगचे पुडके छोटे आणि विरळ, ते सुखरूप निघून जातात. मोठी फाइल सुरू झाली की दोन्हीकडून गर्दी होते आणि टक्करच टक्कर.

लिंबाला यातलं काही कळत नाही. सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ बदलली, पोर्ट ऑटोवर टाकला. दोन्हीकडं फुल डुप्लेक्स जुळलं. संध्याकाळी निघताना इन-एरर्सचा आकडा वहीत टिपून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, फॉर्म भरायची गर्दी ऐन भरात असताना, लातूरहून पुन्हा वाचला. तोच होता.