मुलींच्या हायस्कुलांतल्या प्रयोगशाळा: आजच्या मागण्यांमागची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या अनुदानित कन्या शाळांकडून प्रयोगशाळा सुधारण्याचे जे प्रस्ताव निघतात, त्यांतली यादी बहुधा ठरलेली असते: सूक्ष्मदर्शक, प्रोजेक्टर, रोबोटिक्सचे किट, नवी टेबले. सांडपाण्याची नळी, अर्थिंग आणि प्रयोगशाळा सहायकाचे पद या तीन गोष्टी त्या यादीत क्वचितच दिसतात. खोली बंद पडते ती मात्र याच तिन्हींमुळे. हे असे का झाले, ते समजायला थोडे मागे जावे लागते.

पुण्यात पुढे हुजूरपागा म्हणून ओळखले गेलेले मुलींचे हायस्कूल १८८४ साली सुरू झाले, तेव्हा वाद इंग्रजी शिकवण्यावरून आणि शाळेच्या वेळेवरून झाला. विज्ञान वादापर्यंत पोचलेच नव्हते. कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापलेल्या महिला विद्यापीठात गृहशास्त्र आणि आरोग्य हे विषय आवश्यक होते, गणित आणि भौतिक शास्त्रे ऐच्छिक. पुढे जुन्या एसएससीतही, म्हणजे शालान्त परीक्षा अकरावीला होत असे तेव्हाही, हीच वाट राहिली. मुलांच्या शाळेत बीजगणित-भूमिती आणि पदार्थविज्ञान-रसायन, तर मुलींच्या शाळेत बहुतेक वेळा अंकगणित आणि शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र. या विषयांना लागणारे साहित्य म्हणजे सांगाडा, तक्ते, फार तर एखादा सूक्ष्मदर्शक. पाण्याचा नळ, गॅस, आम्ल ठेवायचे कपाट यांची गरजच नव्हती, म्हणून इमारतीत त्यांची सोयही झाली नाही. त्या काळच्या पर्यायाचा अवशेष अजून वेळापत्रकात आहे. दहावीचा ‘शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र’ हा पेपर आता फक्त दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाला पर्याय म्हणून उरला आहे.

साठच्या दशकात मुलामुलींच्या अभ्यासक्रमातला भेद काढावा, अशी शिफारस आधी एका राष्ट्रीय समितीने केली आणि मग १९६४–६६ च्या शिक्षण आयोगाने दहावीपर्यंत गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचे करण्यास सांगितले. राज्याने १०+२+३ (दहावी, बारावी आणि तीन वर्षांची पदवी) हा आराखडा स्वीकारला आणि मार्च १९७५ मध्ये नव्या आराखड्याची पहिली दहावी झाली. कागदावर मुलींना समान विज्ञान मिळाले, आणि हा निर्णय निःसंशय योग्य होता. मात्र त्या विज्ञानाला लागणारी खोली कुठून येणार, हे कोणी ठरवून दिले नाही. ज्या कन्या शाळांत गृहशास्त्राची खोली होती, त्यांपैकी काहींनी तिथला ओटा, नळ आणि मोरी वापरून काम भागवले. बाकीच्यांनी एका वर्गखोलीत लांब टेबल टाकून शिक्षकांनी प्रयोग करून दाखवायचा आणि मुलींनी पाहायचा, ही पद्धत धरली.

इथेच सर्वांत वादग्रस्त ठरलेला निर्णय येतो: दहावीपर्यंत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांच्यासाठी वेगळ्या खोल्या न मागता एकच एकात्मिक प्रयोगशाळा पुरेशी मानणे. समर्थनाचे मुद्दे हलके नाहीत. पाठ्यपुस्तक एकत्र आहे, शिक्षक बहुधा एकच असतो, प्रयोग सोपे आहेत आणि जागा महाग आहे. पेठेतल्या जुन्या वाड्यात चालणाऱ्या शाळेला तीन खोल्या सोडणे शक्यही नसते. केंद्राच्या २००९ च्या माध्यमिक शिक्षण अभियानानेही एकात्मिक प्रयोगशाळाच धरली, साधारण ५० चौरस मीटरची.

पण एकात्मिक खोलीत काय बिघडते, हे तिथे काम करणाऱ्यालाच दिसते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनिया यांच्या बाटल्या एकाच कपाटात ठेवल्या की दोन्हींच्या वाफांतून अमोनियम क्लोराइड तयार होते. त्याचा पांढरा थर बाटल्यांच्या गळ्यावर, तराजूवर आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बसतो. आम्लाच्या वाफेने पितळी वजने, प्लग की (विद्युत मंडल जोडायची चावी) आणि ऱ्होस्टॅटचा (रोध कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाचा) सरकता स्पर्शक हिरवट पडतात. तिथे रोध वाढतो आणि ओहमच्या नियमाचे वाचन दर खेपेला वेगळे येते. मुलीला वाटते आपलेच चुकले. प्रत्यक्षात बारीक पॉलिश पेपरने टोके घासली की आलेख सरळ येतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते. सूक्ष्मदर्शक लाकडी पेटीत, सिलिका जेलच्या पुडीसह, रसायनांपासून दूर ठेवला तरच टिकतो. सिलिका जेलचा रंग बदलला की ती तापवून पुन्हा वापरता येते, पण ती तापवायची कोणी, हे कोणाच्याच कामात लिहिलेले नसते.

दुसरा प्रश्न संख्येचा. साठ मुलींच्या तुकडीला ५० चौरस मीटरमध्ये एकदम उभे केले तर एकीच्या वाट्याला एक चौरस मीटरही येत नाही. स्पिरिटचे दिवे पेटलेले, ओढण्या आणि वेण्या मोकळ्या, मागे सरकायला जागा नाही, अशा स्थितीत शिक्षिका प्रयोग स्वतःच करून दाखवते यात तिचा दोष नाही. वीस-वीसच्या तीन गटांत प्रयोग घ्यायचा तर एकाच प्रयोगाला तीन वेळा सलग दोन तासिका लागतात आणि उरलेल्या चाळीस मुलींना सांभाळायला दुसरी व्यक्ती लागते. खोली वेगळी नसण्यापेक्षा हा दुसरा माणूस नसणे अधिक महागात पडते. माझ्या मते एकात्मिक प्रयोगशाळेचा निर्णय चुकीचा नव्हता. त्याच्याबरोबर गटाची कमाल संख्या, रसायनांसाठी वेगळी हवेशीर कोठी आणि एक कायम सहायक या अटी जोडल्या नाहीत, ती चूक होती.

यानंतरच्या घडामोडी पैशाच्या आहेत आणि त्यांचा भार कन्या शाळांवर जास्त पडला. ऐंशीच्या दशकात राज्यात मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली. मुलींच्या शिक्षणासाठी हा मोठा आधार ठरला. मात्र मिश्र शाळेत तेव्हा फी भरणारे मुलगे उरले, कन्या शाळेत सगळा पटच माफीत आला. माफ फीची शासनाकडून होणारी प्रतिपूर्ती ठरलेल्या दराने मिळते आणि फुटतूट बाजारभावाने भरून काढावी लागते. परीक्षानळ्या, चंचुपात्रे, रसायने यांचा खर्च ज्यातून निघायचा ते वेतनेतर (पगाराखेरीजच्या खर्चाचे) अनुदान २००४ पासून थांबले. २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले, पण जुन्या वेतनश्रेणीवर मोजून. मधल्या वर्षांत डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, नोंदी राहिल्या आणि कपाटात वस्तू राहिल्या नाहीत.

२००९ च्या अभियानातला बांधकामाचा पैसा सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी होता. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा मोठा वाटा खासगी अनुदानित संस्था उचलतात आणि जुन्या कन्या शाळा बहुतांशी त्यांच्याच, त्यामुळे त्या बाहेर राहिल्या. २०१६ पासून केंद्राची अटल टिंकरिंग लॅबची, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहायच्या खोलीची, योजना आली. निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत: निम्मे उभारणीला, निम्मे पाच वर्षांच्या चालवण्याला. त्रिमितीय प्रिंटर आणि संवेदक हाताळून मुली उत्तम गोष्टी बनवतात, हे खरेच आहे. पण त्या खोलीला पाणी, गॅस, आम्लाची मोरी लागत नाही. ती मिळालेल्या शाळेतही कांद्याच्या मुळाग्रातले पेशीविभाजन किंवा धातूंची क्रियाशीलता श्रेणी जुन्याच टेबलावर करावी लागते. शिवाय योजनेला मोठी जागा लागते, आणि जागेची अडचण असलेल्या शाळेत नजर जुन्या प्रयोगशाळेवरच जाते.

पदांचे तर अधिकच कठीण झाले. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणी पदे रिक्त झाल्यावर भरायची नाहीत, त्याऐवजी शाळेला ठोक भत्ता मिळतो. त्यात प्रयोगशाळा परिचरही आला. भत्त्यावर येणारा माणूस दरवर्षी बदलतो. त्याला तीव्र सल्फ्युरिक आम्ल पाण्यात थेंबाथेंबाने घालायचे असते, आम्लात पाणी नाही, हे दर जूनमध्ये नव्याने शिकवावे लागते. दहावीला विज्ञानाचे २० गुण प्रात्यक्षिकाचे आणि बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे प्रत्येकी ३०. हे सगळे गुण या माणसाने आदल्या दिवशी द्रावणे नीट बनवण्यावर उभे असतात.

म्हणून सध्याच्या प्रस्तावांत कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिले काम मोरीचे: जस्तलेपित लोखंडी नळी आम्लाने काही वर्षांत सडते, म्हणून पीव्हीसी किंवा एचडीपीई या प्लास्टिकची नळी, चिनी मातीचे सिंक आणि बाहेर पडण्याआधी चुनखडीचे खडे भरलेली छोटी टाकी. खडे विरघळत जातात, ते दरवर्षी बदलावे लागतात. मग वीज: नवे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच), सॉकेट सिंकपासून दूर. गॅस घ्यायचाच तर सिलिंडर खोलीबाहेर. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर जमिनीलगत साठतो. वरचा एक्झॉस्ट पंखा तिथे उपयोगी पडत नाही, जमिनीलगत झरोका लागतो आणि सिलिंडरजवळ उघडे गटार चालत नाही. लाकडी तक्तपोशी असलेल्या वरच्या मजल्यावर पाणी आणि ज्योत दोन्ही टाळावीत, तिथे प्रकाशाचे आणि विजेचे प्रयोग हलवावेत. टेबलाची उंची उभे राहून काम करायला ८५ ते ९० सेंटिमीटर, टेबलांमध्ये दोघी पाठमोऱ्या उभ्या राहूनही तिसरीला जाता येईल इतकी वाट. उपकरणांची खरेदी यानंतर. ती आधी झाली की टेबल आणि नळासाठी खोली पुन्हा फोडावी लागते, नवी उपकरणे खोक्यांतच वर्ष काढतात आणि हमीची मुदत त्या खोक्यांतच संपते.