अंकीय लघुलहरी गुप्तसंदेशन

लघुलहरी म्हणजेच शॉर्टवेव्ह रेडिओवरून (3 ते 30 मेगाहर्ट्झ) सांकेतिक मजकूर आकड्यांच्या किंवा अंकीय सुरांच्या रूपात पाठवण्याची पद्धत. या लहरी आयनांबरावर आपटून हजारो किलोमीटर पलीकडे उतरतात. कार्यक्रम कोण ऐकतो आहे, याचा माग प्रक्षेपणावरून लागत नाही. हेरखात्यांना ही पद्धत अजून सोडवत नाही, ती यामुळेच.

जुन्या रीतीत निवेदिका पाच-पाच आकड्यांचे गट वाचते. मूळ मजकुराचे आकडे 40715 आणि गुप्तवहीतले (यादृच्छिक आकड्यांची वही, दोन्ही टोकांना सारखीच) 83962 असतील, तर हातचा न घेता बेरीज करायची: 23677. हवेत जातो तो एवढाच गट. ऐकणारा तशीच, उसने न घेता, वजाबाकी करतो आणि वहीचे पान जाळून टाकतो. पान खरोखर यादृच्छिक असेल व एकदाच वापरले, तर हा संकेत गणिताने फुटत नाही. सोव्हिएत पाने दुबार वापरली गेली आणि अमेरिकेच्या व्हेनोना प्रकल्पात ते संदेश उलगडले.

क्यूबाच्या ‘एचएम01’ केंद्रावर स्पॅनिश आकडे आणि अंकीय सुरांच्या फाइली आलटून पालटून येतात. त्यासाठी वापरलेली आरडीएफटी पद्धत मुळात हॅम म्हणजे हौशी रेडिओ मंडळींची, चित्रे पाठवण्याची. फाइल उतरवायला मात्र संगणक लागतो, आणि खरी जोखीम तिथेच. क्यूबासाठी हेरगिरी करणाऱ्या आना मोन्तेस रेडिओवरचे आकडे लॅपटॉपमध्ये भरून संदेश उलगडत. 2001 साली त्यांना अटक झाली. पुसलेला मजकूर तपासयंत्रणेने त्याच लॅपटॉपमधून परत मिळवला. कागद जळतो, हार्ड डिस्क इतक्या सहजी जळत नाही.

नाशिकमध्ये साध्या सेटवर क्यूबा लागेल, ही आशा धरू नये. कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि वायफायची खरखरच जास्त. अंजनेरीच्या बाजूला, वस्तीपासून दूर, रात्री वीसेक मीटर तार ताणली तर चित्र बदलते. एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ) असल्यास लॅपटॉपवर ‘वॉटरफॉल’, म्हणजे लहरींचा सरकता आलेख, दिसतो (सोमेश्वरच्या धबधब्याशी साम्य नावापुरतेच): बोलण्याचा आवाज म्हणजे धूसर पट्टा, अंकीय सूर म्हणजे शेजारी शेजारी सरळ उभ्या रेघा. सरावाच्या डोळ्याला पद्धत कानाआधी कळते.

पाठवण्याची गोष्ट वेगळी. भारतात हौशी रेडिओचा परवाना असला तरी संभाषण उघड भाषेतच करावे लागते; गुप्त संकेताला मनाई आहे. ‘73’ म्हणजे शुभेच्छा, एवढे आकडे चालतात, कारण त्यांचा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक असतो.