बिशप हाऊसची चौकशी आणि पोक्सोची तक्रार: दोन्ही वेगळ्या, आणि पोलीस आधी

पॅरिशमध्ये (एका चर्चच्या स्थानिक समुदायात) किंवा कॉन्व्हेंट शाळेच्या पालकसभेत पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यावर बोलायला गेले की एक वाक्य हमखास कानावर येतं: “तक्रार केली आहे मॅडम, चर्चची चौकशी सुरू आहे.” मी विचारते, पोलिसांत कधी दिली? उत्तर येतं, “अहवाल येऊ द्या, मग बघू.” बोलणारी माणसं वाईट नसतात. बहुतेकांना मनापासून वाटत असतं की ती योग्य क्रमाने चालली आहेत. क्रमच उलटा आहे, आणि त्याची किंमत लेकरू मोजतं.

हा प्रश्न फक्त कॅथलिक घरांचा नाही. नागपुरातल्या कॉन्व्हेंट शाळांत सगळ्या समाजांची मुलं शिकतात आणि त्यांच्या पालकांना चर्चची रचना माहीत असण्याचं कारण नाही. त्यामुळे “आमची समिती बघते आहे” असं कुणी वजनाने सांगितलं की ते गप्प बसतात.

पोलीस तक्रारीबद्दल फार सांगत नाही, ती तुम्हाला माहीत आहे. 18 वर्षांखालच्या मुलावरचा लैंगिक गुन्हा पोक्सोखाली येतो. हा कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. कुठल्याही पोलीस स्टेशनात किंवा विशेष बाल पोलीस पथकाकडे खबर देता येते. हद्द आपली नाही म्हणून कुणी परत पाठवू लागलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवला जाणारा गुन्हा, मागायचा. 1098 (मुलांची हेल्पलाइन) आणि 112 (आपत्कालीन मदत) हे क्रमांक आहेतच.

चर्चची बाजू थोडी सविस्तर सांगते, कारण तिच्याबद्दल दोन्हीकडून गैरसमज आहेत. पोप फ्रान्सिस यांनी 2019 साली काढलेला आणि 2023 मध्ये कायम केलेला एक आदेश आहे, ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’. त्यानुसार प्रत्येक धर्मप्रांताने, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाने, तक्रार स्वीकारण्यासाठी लोकांना सहज पोचता येईल अशी सोय उभी करायची आहे. फादर, सिस्टर, ब्रदर यांच्या कानावर काही आलं तर त्यांनी ते वरिष्ठांना कळवायलाच हवं. तक्रार आली की बिशप कॅनन लॉच्या (चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या) कलम 1717 प्रमाणे प्राथमिक चौकशी करतात, कागद रोमला धर्मश्रद्धा सिद्धांताच्या खात्याकडे जातात, आणि पुढे खटला चालवायचा की दुसऱ्या मार्गाने निकाल द्यायचा हे तिथून ठरतं. सगळ्यात मोठी शिक्षा म्हणजे धर्मगुरूपदावरून कायमचं काढून टाकणं.

तक्रार खुद्द बिशपांविरुद्ध असेल तर? नागपूर 1953 पासून महाधर्मप्रांत आहे, म्हणजे आसपासच्या काही धर्मप्रांतांतला मुख्य. अमरावती किंवा औरंगाबादच्या बिशपांविरुद्धची तक्रार रोमबरोबरच नागपूरच्या आर्चबिशपांकडे जाते. नागपूरच्या आर्चबिशपांविरुद्धची असेल, तर ती रोमला आणि हाताखालच्या सर्वांत ज्येष्ठ बिशपांकडे. ही व्यवस्था नीट चालवली तर उपयोगाची आहे. तिला नुसता देखावा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आता मुद्द्याचं. लोक धरून चालतात की या दोन पायऱ्या आहेत: खालची चर्चची, वरची पोलिसांची, आणि खालची चढल्याशिवाय वर जाता येत नाही. तसं अजिबात नाही. पोक्सोचं कलम 19 म्हणतं की गुन्हा घडल्याचं माहीत असलेल्या किंवा घडण्याची भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवलं पाहिजे. पुरावा गोळा करा, खात्री करून घ्या, समितीचा ठराव आणा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. खरं-खोटं ठरवणं हे तपास अधिकाऱ्याचं आणि न्यायालयाचं काम आहे. पॅरिश कौन्सिलचं नाही, मुख्याध्यापकांचं नाही आणि बिशपांचंही नाही.

न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कलम 21 प्रमाणे सामान्य माणसाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. “मी माझ्या वरिष्ठांना कळवलं होतं” एवढ्याने शिक्षिका सुटत नाही आणि “मी रोमला कळवलं होतं” एवढ्याने वरिष्ठही सुटत नाहीत. उलट चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही, हे कलम 19 मध्येच लिहिलं आहे. “खोटं निघालं तर माझ्यावरच शेकेल” या भीतीपोटी थांबलेल्या शिक्षकांना हे मी पुन्हा पुन्हा वाचून दाखवते.

यात आपल्याकडचंच एक उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या मुलींवर अत्याचार झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माहीत असूनही कळवलं नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी तो निर्णय फिरवला आणि वेळेवर खबर न देण्याने कायद्याचा हेतूच हरतो, असं बजावलं. ते प्रकरण चर्चचं नव्हतं. पण ज्याला कळलं त्याने कळवायचं, हा नियम सगळ्यांना सारखाच आहे.

“पण व्हॅटिकनचा नियम गुप्तता पाळायला सांगतो,” हे मला सर्वांत जास्त खटकणारं वाक्य. अशा प्रकरणांवरची पोपीय गुप्तता, म्हणजे कागदपत्रं गुप्त ठेवण्याचा रोमचा कडक नियम, 17 डिसेंबर 2019 रोजी उठवली गेली. वोस एस्तिसमध्येच म्हटलं आहे की तक्रार करणाऱ्यावर गप्प राहण्याची सक्ती करता येणार नाही आणि देशाच्या कायद्याने ठरवलेली कळवण्याची जबाबदारी तशीच राहील. शिवाय रोमच्या त्याच खात्याने 2020 साली बिशपांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत मान्य केलं आहे की सरकारी तपास झालेला असेल तर चर्चची प्राथमिक चौकशी अनावश्यकही ठरू शकते. म्हणजे पोलिसांना थांबवून ठेवायला खुद्द चर्चचा कायदाही सांगत नाही.

आधी घरच्या घरी चौकशी केल्याने प्रत्यक्षात काय होतं ते बघा. मूल आईला सांगतं. आई वर्गशिक्षिकेकडे जाते, शिक्षिका सिस्टरांकडे. सिस्टर मुलाला समोर बसवून पुन्हा विचारतात. मग पॅरिश प्रिस्ट विचारतात. मग तीन जणांची समिती बसते आणि तिच्यात आरोप असलेल्या फादरांना वीस वर्षं ओळखणारं कुणीतरी असतंच. प्रत्येक वेळी मूल थोडं घाबरतं, एखादा तपशील गाळतं, एखादा समोरच्याला बरं वाटावं म्हणून बदलतं. पुढे न्यायालयात बचावाचा वकील नेमकी हीच तफावत धरून बसतो. दरम्यान मोबाइलमधले मेसेज पुसले जातात, कपडे धुतले जातात आणि वैद्यकीय तपासणीची वेळ निघून जाते. समितीला ना मोबाइल जप्त करता येतो, ना तपासणी करवता येते, ना कुणाला अटक करता येते.

पोक्सोने हे सगळं टाळायची सोय केली आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि अंगावर वर्दी नको. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत हवी. मुलाला रात्री पोलीस स्टेशनात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करायची. पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला कळवायचं. तुम्ही दिलेली खबर लिहून घेऊन तुम्हाला वाचून दाखवायची आणि तिला नोंद क्रमांक द्यायचा. तो क्रमांक घेतल्याशिवाय स्टेशनातून निघू नका.

“फादरांवरची केस टिकत नाही” हेही ऐकवलं जातं. मुंबईतल्या 2015 च्या एका प्रकरणात विशेष पोक्सो न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये धर्मगुरूला जन्मठेप सुनावली. धार्मिक किंवा शैक्षणिक संस्थेतल्या माणसाने त्याच संस्थेतल्या मुलावर केलेला अत्याचार कायदा अधिक गंभीर मानतो. लैंगिक प्रवेशाच्या गुन्ह्याला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा 20 वर्षं आहे.

मग चर्चकडे जायचंच नाही का? जायचं. पोलीस एखाद्या फादरला वेदीपासून, शाळेपासून, कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गापासून दूर करू शकत नाहीत. बिशप करू शकतात, तेही प्राथमिक चौकशी सुरू झाल्यापासून. न्यायालयात शंकेचा फायदा मिळून सुटलेल्या माणसाला पुन्हा मुलांमध्ये पाठवायचं की नाही, हेही चर्चलाच ठरवावं लागतं. फक्त बदलीला कारवाई म्हणून स्वीकारू नका. नुसती जागा बदलून प्रश्न सुटला असं समजू नये, हे त्या मार्गदर्शिकेतच लिहिलं आहे. तरीही “फादरांना दुसऱ्या गावी पाठवलं ना, आता काय हवं?” असं विचारलं जातं. त्या गावात मुलं नाहीत का?

बाकीचे फरक किरकोळ आहेत. चर्चच्या कायद्यात मुदत पीडित 18 वर्षांचा झाल्यापासून 20 वर्षं, आणि रोम ती शिथिल करू शकतं. आपल्या फौजदारी कायद्यात तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदत नाही. शाळेतली लैंगिक छळाची अंतर्गत समिती हा तिसराच प्रकार, तो कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या छळासाठी. मुलांची प्रकरणं तिच्यापुढे नेऊ नयेत.

कन्फेशनबद्दल, म्हणजे फादरांपुढे खासगीत दिलेल्या पापांच्या कबुलीबद्दल, विचारलं जातं म्हणून सांगते. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर उघड करू शकत नाहीत, हा कॅनन लॉ. पोक्सोमध्ये अशी सूट लिहिलेली नाही. हा ताण खरा आहे, पण तो त्या एका खिडकीपुरता. ऑफिसात, स्टाफरूममध्ये किंवा फोनवर ऐकलेल्या गोष्टीला कन्फेशनचं कवच लावता येत नाही. मुलाने कन्फेशनमध्ये सांगितलंच, तर बाहेर पुन्हा सांगायला किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायला फादर त्याला धीर देऊ शकतात आणि त्यांनी तो द्यावाच.

बिशप हाऊसला, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाला, पत्र पोलीस खबरीनंतर लिहा आणि त्यात एफआयआरचा क्रमांक व तारीख टाका. मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, एकदाच. मागण्या दोन: तपास चालू असेपर्यंत संबंधित व्यक्तीला मुलांपासून दूर ठेवा आणि काय केलं ते लेखी कळवा. प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. मुलाला समितीसमोर बोलावलं तर जबाब पोलिसांनी नोंदवला आहे एवढंच सांगा आणि मुलाला नेऊ नका. भरपाईसाठी मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो, आणि त्यासाठीही एफआयआरच लागतो.